नर्सरीतून आणलेली तुळस खरी की सब्जा? आणि खोकल्याला कुठली चालते?

गॅलरीतली_बाग
नमस्कार मंडळी, जुनी तुळस पावसात कुजली म्हणून नर्सरीतून नवीन रोप आणलं, तर सासूबाई बघताक्षणी म्हणाल्या ही तुळस नव्हेच, सब्जा आहे. पानं गुळगुळीत, चकचकीत, वास गोडसर आणि तुरे पांढरे आलेत. मुलगा ५ वर्षांचा आहे, खोकला सुरू झालाय, त्याला याच पानांचा रस दिला तर चालेल का? आणि तुळशीचं पान चावू नये, त्यात पारा असतो असं सगळे सांगतात ते खरं आहे का? कार्तिकात लग्न पण लावायचंय, तेव्हा कृपया नीट सांगा.

देवगडची_पोर
सासूबाई बरोबर आहेत हो, सब्जाच आहे. तुळशीच्या कोवळ्या देठांवर बारीक लव असते, पानाच्या कडा दातेरी आणि मंजिऱ्यांना जांभळट झाक, आणि चुरडलं की लवंगेच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. पण रोप टाकू नका प्लीज! तुरे वाळले की बी झाडून ठेवा, उन्हाळ्यात लागतंच. १५-२० मिनिटं पाण्यात फुगवून दुधात नाहीतर सरबतात घालायचं, आमच्याकडे उष्णता झाली, लघवीला जळजळ व्हायला लागली की आजी पहिलं हेच करायची. फालुद्यात असतं ते हेच बी. फक्त पोरांना कोरडं बी कधीच देऊ नका, घशात फुगून अडकतं.

काढा_आणि_चाटण
आयुर्वेद शिकलेय म्हणून लिहिते. खोकल्याला घरात वापरतात ती देवाची तुळस, काळी असेल तर लोक ती जास्त पसंत करतात. चरकसंहितेत ती सुरसा नावाने येते आणि उचकी, खोकला, दमा, कुशीतलं दुखणं यांवर सांगितलीय. वास येतो तो युजेनॉलचा, लवंगेत पण तोच असतो. घरगुती पद्धत साधी, पानं तव्यावर जराशी गरम करून पिळायची, निघेल तो थोडासा रस आणि मध, चाटवायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. आणि ताप असेल, धाप लागत असेल, छाती घरघरत असेल तर चाटणावर दिवस काढू नका, मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, हे मी अगदी कळकळीने सांगते कारण "आधी घरचं करून बघू" यात उशीर होतो. मोठ्यांपैकी कोणी रक्त पातळ होण्याच्या किंवा शुगरच्या गोळ्यांवर असेल तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच.

पाऱ्याचं म्हणाल तर नाही, पारा हा काही तुळशीचा घटक नाही. नैवेद्यावरचं पान न चावता गिळायचं ही श्रद्धा आहे आणि ती श्रद्धा म्हणून पाळावी, तिला पाऱ्याचा टेकू कशाला? तसंच ते रात्री ऑक्सिजन आणि ओझोन सोडते वालं फॉरवर्ड. रात्री तुळस पण बाकी झाडांसारखी ऑक्सिजन घेतेच, आणि ओझोन तर फुप्फुसाला वाईट.

फोंडेकार
लग्नाला मात्र तुळसच हवी बरं का. आमच्या गोव्यात याला व्हडली दिवाळी म्हणतात, वृंदावन रंगवायचं, त्यात दिंड्याची काठी आणि ऊस उभा करायचा, आवळ्याची नि चिंचेची फांदी लावायची, मग मंगलाष्टकं आणि शेवटी पोहे वाटायचे. द्वादशीला पानं तोडत नाहीत हे लक्षात ठेवा, पूजेला लागतील ती आदल्या दिवशी काढून ठेवा. वृंदेची गोष्ट मुलाला जरूर सांगा, पण अर्धी नको. विष्णूने तिच्या नवऱ्याचं, जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं, तिने त्याला दगड हो म्हणून शाप दिला आणि तो शाळिग्राम झाला, ती जळाली तिथे तुळस उगवली. म्हणजे देवालासुद्धा तिचं देणं फेडावं लागतं, दरवर्षी तिच्या दारात नवरदेव म्हणून उभं राहावं लागतं. मला तर यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, लोक नुसतं "पतिव्रता होती" सांगून पुढे जातात.

मिरजवाली
सब्ज्याला कमी लेखू नका म्हणून लिहितेय. आमच्याकडे कबरीवर गुलाबाच्या फुलांबरोबर सब्जा वाहतात, शब-ए-बारातला फुलवाल्यांकडे त्याच्या जुड्याच्या जुड्या असतात. कुराणात सूरह रहमानमध्ये रैहान येतं, म्हणजे सुवासिक झाड, आणि आमच्या घरात रैहान म्हणजे सब्जाच समजतात. अम्मी त्याची पानं पुदिन्यासोबत चटणीत पण टाकते, छान लागते.

गॅलरीतली_बाग
सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 शेजारच्या काकूंकडून काळ्या तुळशीचं रोप मिळतंय, ते लग्नाला आणि चाटणाला. मुलाला ताप नाहीये पण रात्री खोकतो, उद्या डॉक्टरांना दाखवतेच. @देवगडची_पोर, सब्ज्याचे तुरे झाडावरच पूर्ण वाळू द्यायचे की आधी काढायचे?

देवगडची_पोर
तपकिरी झाले की सकाळी कापा, फार वाट बघितली तर बी खाली सांडतं. कागदावर सावलीत वाळवून चोळा आणि पाखडून बरणीत भरा.