बदलापूर प्रकरणात "खटला चालायला हवा होता" म्हटलं की आरोपीची बाजू घेतली असं होतं का?

कर्जत_स्लो: काल ऑफिसात यावरून चांगलंच वाजलं म्हणून इथे विचारतोय. ऑगस्ट २०२४, शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण, २० तारखेला लोक रुळांवर उतरले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल ठप्प. त्यात मला काही चुकीचं वाटत नाही, तक्रार घ्यायलाच पोलिसांनी आईबापांना तासन्‌तास ताटकळवलं होतं. पण तिथेच "आमच्या ताब्यात द्या, आत्ता फाशी द्या" पण चाललेलं. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून गेला आणि लोकांनी पेढे वाटले. खटला चालायला हवा होता एवढंच बोललो तर लगेच "तुला मुलगी नाही ना". गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष हे काय फक्त कोर्टापुरतं असतं का?

दोन_लेकींची_आई: मी पेढे नाही वाटले, पण वाईटही नाही वाटलं, खरं तेच सांगते. खटला म्हणजे नुसत्या तारखा, आणि त्या एवढ्याशा पोरींना उभं करून काय काय विचारणार. आणि हे "सिद्ध होऊ दे आधी" लोकांना बरोबर बाईने तोंड उघडलं की आठवतं, मोबाईलचोर सापडला की स्टेशनवर सगळेच हात धुऊन घेतात.

काळा_कोट: मोबाईलचोराचं अगदी बरोबर बोललात ताई 😀 पण पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, कायदा आरोपीच्या बाजूने झुकलेला नाहीये. कलम २९ बघा, प्राथमिक गोष्टी सरकारी पक्षाने दाखवल्या की पुढे निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करायचं. म्हणजे तो सहज सुटला असता हे गृहीत धरायचं कारण नव्हतं. आता तो गेल्यावर त्याच्यावरचा खटलाच संपला, काय घडलं, कोणी दडपलं हे साक्षीदारांच्या उलटतपासणीत जे निघालं असतं ते गेलं. वर दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरलं, जानेवारी २०२५ मधे तो अहवाल हायकोर्टासमोर आला. बातम्या शाळेवरून पोलिसांवर गेल्या ना.

विदर्भ_एक्सप्रेस: हैदराबाद विसरले का सगळे? डिसेंबर २०१९, बलात्कार-खुनाच्या प्रकरणातले चौघं आरोपी एन्काउंटरमधे गेले, पोलिसांवर फुलं उधळली होती लोकांनी. मग सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या आपल्या न्यायमूर्ती सिरपूरकर साहेबांच्या आयोगाने २०२२ मधे सांगितलं की चकमक बनावट होती, १० पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. ते ऐकायला फुलंवाले कुठे होते कोण जाणे. राग "तपास करा" इथपर्यंत ठीक आहे हो, निकाल पण रुळांवरूनच द्यायचा म्हटलं की पोलिसांना आयती सोय होते, फाईल बंद.

दोन_लेकींची_आई: पोलिसांचं पटलं. पण साक्षीचं बोला ना, पोरीला त्याच्या समोर उभं करतात की नाही?

काळा_कोट: नाही. कलम ३६, मुलाला आरोपी दिसता कामा नये, पडदा किंवा व्हिडिओवरून साक्ष घेतात, आणि कलम ३३ प्रमाणे प्रश्न पण वकील थेट विचारत नाही, न्यायाधीशांमार्फत जातात. साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात असं कलम ३५ म्हणतं, प्रत्यक्षात रखडतं ते न्यायाधीश आणि सरकारी वकील कमी म्हणून. त्यासाठी रूळ अडवणार असाल तर कळवा, कोटासकट येतो.