मेलेल्या तिमिंगिलाच्या बेटावर आग कुठून आणू?

अकराबेटं
नमस्कार. गेले आठ महिने मी किशोरांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहितेय. समुद्रात अकरा बेटांची माळ आहे आणि प्रत्येक बेट म्हणजे एकेका तिमिंगिलाचं कलेवर. (तिमी म्हणजे देवमासा आणि त्यालाही गिळणारा तो तिमिंगिल. आपल्याच जुन्या ग्रंथांतला प्राणी आहे, मला बाहेरचा राक्षस आणायचा नव्हता.) त्यांच्या मणक्यांमधून धूर निघतो, लाव्हा वाहतो.

दर रविवारी कर्वेनगरला बहिणीकडे जाते, तेव्हा नऊ वर्षांच्या भाचीला नवं प्रकरण वाचून दाखवते. परवा तिने मध्येच थांबवलं. "मावशी, मेल्यावर अंग गार पडतं ना? आबांचा हात किती गार लागला होता. मग हा मासा मेल्यावर तापला कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. 'जादू' म्हणून तिला गप्प करायचं नाहीये. आबांचा हात तिच्या लक्षात आहे, तर उत्तरही तेवढंच खरं हवं. शिवाय नकाशात माझी सगळी बेटं एकाच आकाराची झालीत, शेंगदाणे सांडावेत तशी. कुणी मदत कराल का?

काळापाषाण
ताई, भाचीचं बरोबर आहे. मासा गारच पडू द्या. आग त्याच्या पोटात नको, समुद्रतळाच्या खाली ठेवा.

मी बरीच वर्षं भूशास्त्र शिकवलं. हवाईची बेटं अशीच झाली. खालची आग जवळपास एका जागी आणि वरचा समुद्रतळ वर्षाला साधारण 7 ते 10 सेंटिमीटर सरकणारा. आगीवर एक बेट तयार होतं, हळूहळू पुढे जातं, मागे दुसरं उभं राहतं. म्हणून वायव्येचं काउआई सुमारे 50 लाख वर्षांचं आणि आग्नेयेचं मोठं बेट 10 लाखांच्याही आतलं. त्याच्याही पुढचा डोंगर आत्ता पाण्याखाली वाढतोय, माथा सुमारे 975 मीटर खोल.

तुमचे तिमिंगिल म्हातारपणी ऊब शोधत त्या एकाच जागी मरायला येतात असं करा. कलेवरं एकामागून एक सरकत जातील, माळ आपोआप वयानुसार लागेल. आणि आकार सारखे ठेवू नका. आगीपासून दूर गेलेलं बेट निवतं, झिजतं, खचतं. उष्ण पाण्यात त्याच्या कडेने प्रवाळ वाढत राहतं आणि बेट बुडालं तरी कडं उरतं. डार्विनने 1842 साली हेच मांडलं. सर्वांत जुना तिमिंगिल तुमच्या नकाशात नुसतं कंकण दिसायला हवा.

आता पुण्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेताळ टेकडी, पर्वती, सिंहगड हा सगळा लाव्हाच आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. ज्या आगीतून तो आला, तिच्यावरून भारत उत्तरेला सरकत गेला. मागे लक्षद्वीप-मालदीवची रांग, मग मॉरिशस आणि आज ती आग रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला ज्वालामुखी अजून वाहतो. माळेचं पहिलं टोक आपल्या पायाखाली आहे, ताई.

खाणवेडा
सरांच्या उत्तराला एक जोड. लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे फुगे तसेच पोकळ राहतात आणि पुढे त्यांत स्फटिक धरतात. वाघोलीच्या खाणींतला कॅव्हन्साइट बघा, पांढऱ्या स्टिल्बाइटवर गर्द निळे गोंडे. जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. तिमिंगिलाचा शेवटचा श्वास दगडात राहिला आणि निळा झाला, एवढं एक वाक्य कादंबरीत घ्याच.

खोलपाणी
कलेवर पडलं की लगेच दगड करू नका, तिथेच खरी गोष्ट आहे. देवमासा तळाशी गेला की त्याच्यावर अख्खी वस्ती बसते. 1987 मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात अशी वस्ती पहिल्यांदा नीट दिसली. आधी हॅगफिश आणि शार्क मांस खातात. मग हाडं खाणारे किडे येतात, त्यांना तोंडही नाही आणि पोटही नाही, ते हाडात मुळं घालतात. हाडातल्या स्निग्धावर जिवाणू जगतात आणि जिवाणूंवर शिंपले. हे कित्येक वर्षं चालतं. एका तिमिंगिलावर किती पिढ्या जगतील याचा विचार करा, एक प्रकरण सहज होईल.

अकराबेटं
तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री नकाशा पुन्हा काढला. पहिली चार बेटं आता प्रवाळाची कंकणं आहेत, पाचव्यापासून डोंगर चढत जातात, धूर फक्त अकराव्यावर. किड्यांचं प्रकरण सहाव्याच्या आधी येईल. निळा श्वास दहाव्याला दिला.

बारावा तिमिंगिल अजून जिवंत आहे, वाटेत आहे. आपण कुठे चाललोय हे त्याला कळतं की नाही, ते माझं ठरत नाहीये. या रविवारी वाचन नाही. भाचीला जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराला नेतेय. त्या लेण्याच्या खांबाला हात लावून बघू दे तिला, मग सरांनी सांगितलेलं सांगेन.