स्पिनिंग रीलवर नुसती फ्लोरो नको

बास मासा गळाने पकडण्यासाठी स्पिनिंग रीलवर (स्थिर स्पूलच्या रीलवर) १५ पौंडी, म्हणजे १५ पौंड ताण सहन करणारी, फ्लोरोकार्बन (फ्लोरो) लाईन पूर्ण भरू का, असं एकाने विचारलंय. माझं स्पष्ट मत, भरू नका. एवढी जाड फ्लोरो कडक असते, छोट्या स्पूलवर बसत नाही, बेल (स्पूलवरची तारेची कडी) उघडली की वेटोळी सुटून गुंता होतो. त्यापेक्षा १० पौंडी ब्रेड (विणलेली लाईन) भरा आणि पुढे ६ ते ८ पौंडी फ्लोरोचा लीडर (गळाकडचा तुकडा) जोडा. १५ पौंडी फ्लोरो बेटकास्टरवर (आडव्या, फिरत्या स्पूलच्या रीलवर) ठेवा, टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावासारख्या बुडालेल्या झाडांच्या पाण्यात जिगसाठी (वजन जडवलेल्या गळासाठी) तीच हवी.

'पाण्यात दिसत नाही' यावर इथे फारच भर दिला जातोय. फ्लोरोचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, पाण्याच्या जितका जवळ तितकी लाईन कमी दिसते) सुमारे १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणजे कमी दिसते, अदृश्य होत नाही, आणि गढूळ पाण्यात तर हा प्रश्नच नाही. मला तिचं वजन जास्त महत्त्वाचं वाटतं. पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट घनता, त्यामुळे ती बुडते आणि क्रँकबेट (ओढलं की खाली जाणारं नकली आमिष) थोडा जास्त खोल जातो. याच कारणाने पॉपरला (पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला) मात्र ती लावू नका, त्याचं तोंड खाली ओढलं जातं. तिथे साधी मोनोच (एकपदरी नायलॉन लाईन) बरी.

आमिष बांधायला पालोमर ही दुहेरी लाईनची गाठ घाला, थुंकीने ओली करून सावकाश आवळा. कोरडी खेचली की लाईन घर्षणाने तापते आणि गाठीच्या वरचा भाग कुरळा होतो. असा कुरळेपणा दिसला तर कापून नव्याने बांधा, कितीही घाई असली तरी.