पतसंस्थेत वडिलांची ठेव अडकलीय. सहकार आयुक्तांकडे गेलं तर नक्की काय होतं?

मृण्मयी_क

नमस्कार. बाबा एसटीत वाहक होते. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशांतले ६ लाख त्यांनी आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मुदत ठेवीत टाकले. शाखा स्टँडसमोर आहे आणि पिग्मी गोळा करणारा मुलगा आमच्याच गल्लीतला, एवढाच विचार केला. मुदत दिवाळीत संपली. तेव्हापासून मॅनेजरचं एकच, "वसुली चालू आहे, पुढच्या महिन्यात या." मागच्या खेपेला ५ हजार हातावर ठेवले आणि मूळ पावतीच्या पाठीमागे पेनाने तेवढा आकडा लिहिला. सही नाही, शिक्का नाही. बाबा दर सोमवारी जाऊन तिथल्या बाकड्यावर बसतात आणि दुपारी परत येतात.

कुणी म्हणतं थेट पुण्याला सहकार आयुक्तांना लिहा. ते पैसे देववू शकतात का? त्यांचे अधिकार नक्की काय आहेत?

दत्ता_सातारकर

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका. ५ लाखांपर्यंत विमा असतोच, घाबरू नका.

हेमाताई_लेखापरीक्षक

दत्ताभाऊ, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण पतसंस्थेला यातलं काहीच लागू नाही. ५ लाखांचं विमा संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही येतात. पतसंस्था ही बँक नव्हे. पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत, तिच्या ठेवींना तो विमा नाही आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिची तक्रार घेत नाही. तिच्यावर देखरेख राज्याच्या सहकार खात्याची, आणि त्या खात्याचे प्रमुख म्हणजे सहकार आयुक्त व निबंधक.

मृण्मयी, मी सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे आतून पाहिलेलं सांगते.

१९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात जिथे तिथे 'निबंधक' हा शब्द दिसेल. ते अधिकार आयुक्तांपासून विभागीय सहनिबंधक, जिल्हा उपनिबंधक आणि तालुक्याच्या सहायक निबंधकापर्यंत वाटून दिलेले आहेत. म्हणून तुम्ही पुण्याला पाठवलेला अर्ज बहुतेक वेळा 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन तुमच्याच तालुक्याला परत येतो. त्यात दोन महिने जातात. आधी तालुक्यात अर्ज द्या, प्रत जिल्हा उपनिबंधकांना आणि आयुक्तांना.

आता अधिकारांचं. कलम ८३ खाली निबंधक संस्थेची चौकशी लावू शकतात, स्वतःहून किंवा एक-पंचमांश सभासदांनी अर्ज केला तर. चौकशीत गैरव्यवहार निघाला तर कलम ८८ खाली कुणामुळे किती नुकसान झालं ते ठरवून संचालकांकडून आणि कर्मचाऱ्यांकडून वसूल करता येतं. कलम ७८-अ खाली संचालक मंडळ दूर करून प्रशासक नेमता येतो. थकबाकीदार कर्जदारांसाठी कलम १०१चा वसुली दाखला मिळतो, त्यावर जप्ती आणि लिलाव होऊ शकतो. काहीच उरलं नाही तर कलम १०२, म्हणजे अवसायन, संस्था गुंडाळणं. तुमच्या बाबांची पावती घेऊन संस्थेच्या तिजोरीतून ६ लाख काढून देणं मात्र आयुक्तांच्या हातात नाही. ते वसुली करवून घेऊ शकतात, आणि वसुलीतून जे येईल तेच ठेवीदाराच्या वाट्याला येतं. शिवाय आयुक्तांच्या आदेशावर शासनाकडे अपील होतं, स्थगिती मिळते, आणि ठेवीदार तारखा मोजत बसतो. हे मी फार जवळून पाहिलंय.

एक प्रसंग सांगते. एका संस्थेत मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. आमची रीत अशी, आधी तिजोरी, मग चहा. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ३१ मार्चची हातावरची शिल्लक ९ लाख ४० हजार. तिजोरीत दहाच्या नोटांची दोन बंडलं आणि एका वहीच्या फाडलेल्या कागदांच्या चिठ्ठ्या. 'अध्यक्ष २,००,०००', 'मा. संचालक ५०,०००', सगळ्या एकाच निळ्या पेनाने. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ते परत येणारच आहेत, आजच्या आज भरून देतो." मी चिठ्ठ्या मोजल्या, प्रत्येकीचा आकडा अहवालात उतरवला आणि विशेष अहवाल पाठवला. चौकशीचा आदेश निघायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत संस्थेने नव्या ठेवी घेतल्या. त्यातली एक ठेव एका विधवा बाईंची होती. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे. त्या नंतर आमच्या कार्यालयात यायच्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहायच्या. मी त्यांना आजही विसरलेले नाही.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की या सगळ्या यंत्रणेचे डोळे म्हणजे कागद. वर बसलेला अधिकारी कितीही भला असो, त्याला संस्था दिसते ती लेखापरीक्षण अहवालातून आणि ठेवीदारांच्या अर्जांतून. तोंडी तक्रार फाइलीत लागत नाही. बाबा बाकड्यावर बसतात ते कुठल्याच नोंदवहीत नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

तेव्हा उद्याच पावतीची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढा. ५ हजार दिल्याचं संस्थेकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. मूळ पावती कुणाच्याही हाती देऊ नका, 'नूतनीकरण करून देतो' म्हणाले तरी. बाबा सभासद असतील तर कलम ३२ खाली त्यांना शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि स्वतःच्या खात्याच्या नोंदी संस्थेत बसून फुकट बघता येतात. ताळेबंदात थकीत कर्जं किती आणि दुसऱ्या बँकांत गुंतवलेली रक्कम किती, एवढं आधी बघा.

पैठणकर

ताईंनी लिहिलंय त्यात एक भर. संस्था 'मल्टिस्टेट', म्हणजे एकाहून जास्त राज्यांसाठी नोंदलेली, आहे का ते आधी तपासा. आमची होती. पाटीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मी सहा वर्षांत एकदाही वाचलं नाही. तशी असेल तर २००२चा केंद्राचा कायदा लागू होतो आणि निबंधक दिल्लीत, केंद्रीय निबंधक. मी दीड वर्ष जिल्हा उपनिबंधक कार्यालयात खेटे घातले, मग कळलं की अर्जच चुकीच्या दारात दिला होता. २०२३च्या दुरुस्तीनंतर मल्टिस्टेटसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली आहे, ती तेव्हा नव्हती.

दुसरं, फसवणूक दिसत असेल तर पोलिसांत जा. १९९९चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा राज्याचा कायदा आहे, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली संचालकांच्या मालमत्ता जप्त होऊ शकतात.

मृण्मयी_क

ताई, दादा, मनापासून आभार. पाटी बघून आले, मल्टिस्टेट नाही, नोंदणी क्रमांक आपल्याच जिल्ह्याचा आहे. बाबा 'नाममात्र सभासद' आहेत असं पासबुकात लिहिलंय. मग त्यांना ताळेबंद बघता येईल का? मॅनेजर म्हणाले, तुम्हाला तो हक्क नाही.

हेमाताई_लेखापरीक्षक

त्यावर तिथे वाद घालत बसू नका, दुसरा रस्ता आहे. सहकारी संस्था माहिती अधिकारात सरसकट येत नाहीत, केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तसं सांगितलंय. पण निबंधक कार्यालय येतं. त्यांच्याकडे संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल दाखल होतो, तो तिथून माहिती अधिकारात मागा. गेल्या तीन वर्षांचे मागा, आणि सोबत दोष दुरुस्ती अहवालही. लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांवर संस्थेने काय केलं ते त्यात कळतं. तो दाखलच नसेल तर तसं लेखी उत्तर घ्या, ते तुमच्या तक्रारीला जोडता येईल.

आणि एकट्या जाऊ नका. बाकड्यावर बाबांच्या शेजारी आणखी कोण कोण बसतं, त्यांची नावं आणि पावती क्रमांक एका कागदावर घ्या. वीस जणांच्या सह्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर वेगळा दिसतो.

मृण्मयी_क

काल सोमवार होता. बाबांबरोबर मीही गेले. बाकड्यावर अकरा जण होते. एक आजी पिग्मीचं कार्ड पदराला बांधून आल्या होत्या. दोन जण घाबरले, म्हणाले नाव नको. नऊ सह्या झाल्या. आज सकाळी सहायक निबंधक कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, ठेवून जा. मी म्हटलं, पोच द्या. माझ्या प्रतीवर शिक्का मारला आणि आवक क्रमांक लिहून दिला. बाबांनी तो कागद पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलाय.