शेव्हरोले एन्जॉयला स्विफ्टचा ऑईल पंप: बसवावा की नाही?

टिळकवाडीकर (धागा सुरू करणारा)

माझं मत आधीच सांगतो. बसवावा, पण मापं घेऊन.

बेळगाव, खानापूर, चोर्ला या पट्ट्यात भाड्यानं चालणाऱ्या शेव्हरोलेच्या एन्जॉय आणि सेल (Sail) या डिझेल गाड्या अजून दिसतात. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं बंद केलं, आणि तेव्हापासून या मालकांना एकच उत्तर मिळतंय: पार्ट नाही, इंजिनच बदला. हे मला पटत नाही. या गाड्यांचं १.३ इंजिन मूळचं फियाटचं मल्टिजेट, १२४८ सीसी. तेच मारुतीनं स्विफ्ट-डिझायरमध्ये डीडीआयएस म्हणून आणि टाटानं व्हिस्टा-मांझात क्वाड्राजेट म्हणून घातलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६९.६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिमी, सगळीकडे तेच.

याचा ऑईल पंप, म्हणजे इंजिनभर तेल दाबानं फिरवणारा पंप, वेगळा सुटा येत नाही. टायमिंग चेनच्या पुढच्या कव्हरमध्येच तो असतो आणि थेट क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) फिरतो. म्हणजे बदलायचं तर अख्खं कव्हर. सख्ख्या भावाचं, म्हणजे स्विफ्टचं, कव्हर बाजारात मिळत असताना चालणारी गाडी भंगारात का घालायची?

निपाणीचा मिस्त्री

दादा, माझा याला साफ विरोध हाय. "इंजिन एकच" हे वाक्य दुकानदार पार्ट खपवायला वापरतात. याच १.३ मध्ये ७५ पीएसचं साध्या टर्बोचं इंजिन हाय आणि ९० पीएसचं व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोचंही हाय. युरोपात दुसऱ्या पिढीच्या मल्टिजेटला फियाटनं कमी-जास्त तेल देणारा वेगळाच पंप दिला. मग कुठल्या वर्षाचा, कुठल्या इंजिनाचा पंप हातात आलाय हे डोळ्यांनी बघून कोण सांगणार?

आणि पंप चुकला तर पहिलं काय जातं? टर्बोचं बेअरिंग आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर. टेन्शनर तेलाच्या दाबावरच चालतो. चेननं दात सोडला की व्हॉल्व्ह वाकले म्हणून समजा. चोर्ला घाटात माणसं भरून गाडी चढत असताना हे झालं तर जबाबदारी कोणाची?

उद्यमबाग, मशीन शॉप

मिस्त्रींची काळजी खरी आहे, पण "कोण सांगणार" याला उत्तर आहे: मायक्रोमीटर सांगणार. आमच्या बेळगावात हायड्रॉलिकचं काम करणारी इतकी शॉप्स आहेत, पंप मोजणं हा इथला रोजचा धंदा आहे.

पंप दर फेऱ्याला किती तेल ढकलतो हे रोटरच्या (पंपातल्या फिरणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांचा आकार आणि रुंदी यावर ठरतं. आकार तोच असेल आणि रुंदी दहा टक्के कमी असेल, तर तेलही दहा टक्के कमी. म्हणून जुना आणि नवा रोटर शेजारी ठेवून आधी रुंदी मोजा. मग फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) दातांच्या टोकांमधली फट, आणि वर सरळ पट्टी ठेवून बाजूची फट. क्रँकवर बसणारा भाग, सीलचा व्यास, अल्टरनेटर आणि माउंटिंगच्या ब्रॅकेटची भोकं हेही जुळवा. रोटर जुळला पण ब्रॅकेट अडलं, असं होऊ शकतं.

जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवतात, ते मला अजिबात मान्य नाही. गरम इंजिन आयडलला असताना तो व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे तिथं वॉशरचा काही उपयोग नाही. उलट थंडीत सुरू करताना दाब नको तितका चढतो.

चंदगडहून

मग शेव्हरोलेच्याच बीट डिझेलचा पंप सेलला का चालू नये? बोअर-स्ट्रोक तोच, फक्त एक सिलिंडर कमी.

उद्यमबाग, मशीन शॉप

तो "फक्त"च महाग पडेल. बीटचं ९३६ सीसी इंजिन तीन सिलिंडरचं. त्याला चार मेन आणि तीन रॉड बेअरिंग, सेलला पाच आणि चार. तेलाची गरजच वेगळी. बोअर-स्ट्रोकवरून पंप ठरत नाही. मापल्याशिवाय हात लावू नका.

शहापूर, जुना गॅरेजवाला

मारुती ८०० आणि ओम्नी, दोन्हीत ७९६ सीसीचं एफ८बी. पण ८०० मध्ये इंजिन आडवं, ओम्नीत सीटखाली उभं कललेलं. त्यामुळे चेंबर (खालचं तेलाचं भांडं) आणि तेल ओढणाऱ्या जाळीची नळी बघितल्याशिवाय आम्ही कधी पुढं गेलो नाही. पंप कितीही चांगला असला तरी जाळी तेलात बुडत नसेल तर तो हवाच ओढणार. इथंही चेंबर आणि जाळी जुन्या गाडीचीच ठेवा, नळीची ओ-रिंग नवी घाला, आणि सील करायची पेस्ट बेताची लावा. जादा पेस्ट तुटून जाळीत अडकते.

निपाणीचा मिस्त्री

मशीन शॉपवाल्यांनी सांगितलं ते सगळं मान्य. पण अशी मापं घेणारं गॅरेज किती? इकडं डॅशबोर्डवरची तेलाच्या दाबाची लाईट विझली की गाडी देऊलालेत. ती लाईट साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच लागते. विझली म्हणजे दाब पुरेसा आहे असं नाही. त्या लाईटचा इंजिनावरचा स्विच काढून तिथं दाबाचा गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा, मग बोला.

आणखी एक. दाब कमी म्हणून आलेल्या गाडीत पंप क्वचितच दोषी असतो. बेअरिंग घासलेली असतात, तेल तिथनंच सुटतं. तिथं नवा पंप घालून मालकाचे पैसे वाया जातात. आधी चेंबर उतरवून बेअरिंगचे शेल (आतल्या पातळ वाट्या) बघा. म्हणून माझा विरोध तसाच हाय. मापाचा कागद बिलाला जोडणार असाल तरच मी याला दुरुस्ती म्हणेन.

टिळकवाडीकर

मिस्त्री, कागदाची अट मला मान्य आहे, आणि शेल आधी बघायचं हेही. पण त्यावरनं "बसवूच नका" हे निघत नाही. न मोजता बसवू नका, एवढंच निघतं. ज्यांच्याकडे उघडलेलं एन्जॉय किंवा सेलचं कव्हर असेल त्यांनी रोटरची रुंदी, इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं आणि गाडीचं वर्ष इथं लिहावं. स्विफ्टच्या कव्हरची मापं मी उद्यमबागेतून घेऊन टाकतो. बसवल्यावर कव्हरमध्ये आधी तेल भरायचं, आणि दाब येईपर्यंत इंजेक्टरची वायर काढून नुसता स्टार्टर मारायचा. सोबत गरम इंजिनाचा गेजचा आकडाही द्या, म्हणजे निपाणीकरांना त्यावर बोलता येईल.