अभिनेत्री भक्ती बर्वेंना प्रत्यक्ष कोणी कोणी बघितलंय? ('ती फुलराणी' नाटक, बातम्या, काहीही चालेल)

सांगलीकरीण: भाचीच्या शाळेत गॅदरिंग आहे. काल ती आरशासमोर कमरेवर हात ठेवून 'तुला शिकवीन चांगलाच धडा' म्हणत होती आणि इकडे माझी पोळी तव्यावर करपली. नववीत मीही हेच केलं होतं, आईचं जुनं लुगडं नेसून. तिसऱ्या ओळीला सगळं विसरले आणि रडत विंगेत. भाचीला विचारलं, हे मुळात कोणी केलं माहितीये का? तर म्हणे, 'यूट्यूबवर एक मावशी आहे ना.' मावशी!! अगं, त्या आपल्या सांगलीत जन्मल्या, १९४८ साली. पण खरं सांगायचं तर मीही तो तुकडा आणि आईचं वर्णन यावरच वाढलेय. ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहा ना.

जुना_दादरकर: शिवाजी मंदिर, बाल्कनी, १९७५. सतीश दुभाषी प्राध्यापकाच्या भूमिकेत, भक्ती फुलवाली मंजुळा. ती आली आणि पहिल्या वाक्यालाच आमच्या गल्लीतली फुलवाली डोळ्यांसमोर उभी. नंतर तीच मंजुळा सगळं शुद्ध बोलायला लागते, पण मधेच आतली पोरगी डोकावते. तिथे लोक हसायचे आणि मला गलबलायचं. का ते तेव्हा कळलं नाही. बाकी मध्यंतरातला बटाटेवडा हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

वऱ्हाडी_ठेचा: मले कळलं का ते 😄 मी पुण्यात शिकायला आले तेव्हा 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतलं खरं, पण आपल्याकडे ण-न चं दुखणं त्याहून जुनं. स्पर्धेत त्या स्वगतावर सगळे टाळ्या वाजवत होते, मी मात्र मनात वर्गातल्या एकेकीची नावं घेत होते.

जुना_दादरकर: @वऱ्हाडी_ठेचा, हे आवडलं.

मनीप्लांट: माझ्यासाठी त्या दूरदर्शनच्या बातम्या. त्या साडीखाली जीन्स घालून बातम्या द्यायच्या ना?

टीपॉय: ती स्मिता पाटील हो!

मनीप्लांट: अर्रर्र. आईला विचारून लिहायला हवं होतं. पण बातम्या भक्तीताई पण द्यायच्या, हे नक्की.

टीपॉय: हो, द्यायच्या. आमचे आजोबा म्हणायचे, हिचे उच्चार ऐका आणि मग निबंध लिहा. निबंधाशी काय संबंध, देव जाणे.

चारचौघी_नाही: त्यांचं 'आई रिटायर होतेय' नाटक कोणीच कसं नाही काढलं?? आई आणि तिच्या तीन मैत्रिणी ठाण्याला गडकरीत बघून आल्या. घरी आल्यावर आई कॉटवर बसली, पाय वर घेतले आणि बाबांना म्हणाली, 'चहा.' बाबांना वाटलं ती विचारतेय. 'हो, घेईन' म्हणाले. 'घेईन नाही, करा!' त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा बाबांनी गॅस पेटवला. साखरेचा डबा सापडेना म्हणून गूळ घातला, दूध फाटलं. आई तो चहा पण प्यायली, गाळून. दर रविवारी सकाळचा चहा बाबांचा, तो नेम पुढे कितीतरी वर्षं चालला. (थांबा, कुकर.)

चारचौघी_नाही: आले. काय सांगत होते? हां, झालंच की सांगून.

टीपॉय: दूध फाटलं 😂😂 गूळ गॅस बंद करून घालायचा असतो, सांगा बाबांना.

चारचौघी_नाही: बाबा नाहीत आता. पण हसले असते.

टीपॉय: ओह. सॉरी.

रात्रपाळी: मी हॉस्टेलवर 'जाने भी दो यारों' (१९८३) पाच वेळा बघितला. 'खबरदार'ची संपादिका शोभा सेन म्हणजे आपली फुलराणी, हे सहाव्यांदा आईबरोबर बघताना कळलं. ती ओरडली, 'अगं बाई, भक्ती!' एवढी गोड बोलणारी बाई शेवटी असला डाव टाकते, हे आईला काही पटलं नाही. हिंदीत अजून कामं मिळायला हवी होती, असं मला वाटतं.

जुना_दादरकर: नाटकवाल्यांना नाटकच पुरतं हो. सुरुवातही सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. शफी इनामदार त्यांचे पती, ते १९९६ ला गेले.

मनीप्लांट: 'ये जो है जिंदगी' वाले?? माहीतच नव्हतं!

घाटरस्ता: १२ फेब्रुवारी २००१. वाईहून परतताना भाताण बोगद्यापाशी अपघातात भक्तीताई गेल्या. एक्सप्रेसवे तेव्हा नवाकोरा होता, आम्हाला त्याचं कोण कौतुक. ५२ म्हणजे काय वय आहे का? मी पनवेलचा. अजून तिथून जाताना आई रेडिओ बंद करते. बोलत काही नाही.

सांगलीकरीण: वाचतेय सगळं. भाचीला चहाचा किस्सा वाचून दाखवला, ती म्हणे मावशी, तू कधी रिटायर होतेस? बरं, लुगडं तिला सुटेल अशी भीती वाटतेय. पिना कुठे कुठे लावू?

वऱ्हाडी_ठेचा: आतून नाडा घट्ट बांध, पिना निऱ्यांना. आणि तिले म्हणा, शब्द विसरली तर तशीच कमरेवर हात ठेवून उभी राहा, लोकं भांडनच समजतील.

सांगलीकरीण: 😂 आणि फुलांची टोपली? खरी फुलं की कागदाची?