आतड्यातले विषाणू: पोटाचे खरे राखणदार?

खटपट्या
पोट बिघडलं की जो तो 'चांगले जिवाणू' वाढवायच्या मागे लागतो. त्या जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचं, म्हणजे फेजचं, नावही कुणी काढत नाही. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स देरेल यांना हे फेज सापडले ते आमांशाच्या रुग्णांच्या विष्ठेतच. रुग्ण बरा व्हायला लागला की फेज वाढतात, हेही त्यांनी टिपलं होतं. जिवाणूंची एखादी जात माजली की तिचे फेज वाढतात आणि तिला आवर बसतो. शिवाय अँटिबायोटिकसारखी सरसकट कत्तल नाही. पोट ताळ्यावर ठेवतात ते हेच, जिवाणू नव्हेत.

चिकित्सक
अजिबात पटलं नाही. पटकीच्या जिवाणूकडे विषाची जनुकं आली ती एका फेजकडून. १९९६ मध्येच हे सिद्ध झालंय. ई. कोलाय O१५७ या जिवाणूची गत तीच. त्याच्या गुणसूत्रात फेज दडून बसलेला असतो. काही अँटिबायोटिकांनी जिवाणूला धक्का बसला की फेज जागा होतो, शिगा विष तयार होतं, जिवाणू फुटतो आणि विष आतड्यात सांडतं. रक्ताचे जुलाब, पुढे मूत्रपिंडांवर घाला. छान राखण केली!

उनाड
जेवता जेवता धागा उघडला. चूक माझीच.

खटपट्या
@चिकित्सक, ते दडून बसणारे फेज. उपचारासाठी निवडतात ते थेट फोडणारे. जर्मनीतल्या कील इथल्या डॉक्टरांनी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या पाच रुग्णांना निरोगी माणसाच्या मळाचा गाळलेला अर्क दिला, २०१७ मध्ये ते छापून आलं. त्यात जिवंत जिवाणू नव्हते, तरी पाचही जण बरे झाले. मग श्रेय कुणाचं?

चिकित्सक
पाच रुग्ण, तुलनेला दुसरा गट नाही. गाळणीतून फेजच तेवढे उतरतात का? जिवाणूंचे तुकडे, त्यांनी तयार केलेली रसायनं, सगळंच उतरतं. श्रेय तुम्ही परस्पर वाटून टाकलंत.

सूक्ष्मदर्शी
तुम्ही दोघंही मारामारीच धरून बसलात. माणसाच्या आतड्यातला क्रासफेज नावाचा फेज घ्या. २०१४ मध्ये तो संगणकावर, आधीच जमलेल्या डीएनएच्या माहितीतून सापडला. प्रयोगशाळेत त्याच्या कुळातला पहिला विषाणू वाढवता आला २०१८ मध्ये, बॅक्टेरॉइड्स जातीच्या जिवाणूवर. गंमत अशी की द्रवात तो भरमसाट वाढतो, पण जिवाणूंची वस्ती काही ओस पडत नाही. हे जिवाणू आपलं बाहेरचं कवच बदलत राहतात. काहींना फेज चिकटतो, काही निसटतात. दोघांचंही चालू राहतं. यात तुमचा राखणदार कोण आणि दरोडेखोर कोण?

मीरा_क
आणि फेज सोडून बाकीचे विषाणू? २०११ च्या प्रयोगात उंदरांच्या आतड्यातले जिवाणू अँटिबायोटिकांनी मारले, तर पोलिओने मरणारे उंदीर कमी झाले. जिवाणूंच्या पृष्ठभागावरचे रेणू विषाणूला चिकटतात आणि तो टिकाऊ होतो. म्हणजे इथे जिवाणूच विषाणूला हात देतात. खटपट्या, हे तुमच्या मांडणीत कुठे बसवणार?

खटपट्या
बसवत नाही, कारण पोलिओचा विषाणू आपल्या पेशींवर जगतो. मी बोलतोय ते जिवाणूंवर जगणाऱ्यांबद्दल. सूक्ष्मदर्शींचा मुद्दा मात्र अडचणीचा आहे. जिवाणू कवच बदलून निसटत असतील, तर एकच फेज देऊन भागणार नाही, चार-पाचांचं मिश्रण द्यावं लागेल.

चिकित्सक
आणि त्या चार-पाचांपैकी एकही जिवाणूची जनुकं इकडून तिकडे नेणार नाही, याची हमी कोण घेणार?